कानोसा घेणारी शाळा

४ जुलै

प्रिय वन्सं,

तुमचं सरकारी खोकं काल शाळेत पोचलं. (मी 'वन्सं' आणि 'तुम्ही' लिहिलं की समजून जायचं, वहिनीचा पारा चढलाय. उतरला की पुन्हा 'तू'वर येईन.)

हेडसरांची समजूत अशी की माझी नणंद राजधानीत विज्ञान शिक्षणाच्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर बसते, म्हणून आपल्या शाळेवर ही मेहेरबानी. मी म्हटलं, मेहेरबानी कसली सर? गणित माझ्याकडे, विज्ञान माझ्याकडे, ग्रंथालय माझ्या गळ्यात, आता हे चौथं लोढणं.

खोक्यातून काय निघालं सांगू? एक लांबलचक स्प्रिंग, लहान मुलं जिन्याच्या पायऱ्यांवरून सोडून देतात तसली. एक जाड लोहचुंबक. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. पारदर्शक नळी, चार वायरी आणि एक पुस्तिका. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर राज्याचा नकाशा आणि त्यावर चारशे ठिपके. आमच्या शाळेचा ठिपका इतका कडेला की अर्धा चौकटीच्या रेघेखाली गेलाय.

मुलांना सांगितलं, हे भूकंपमापक आहे, आपण जोडायचं. आठवीतली एक मुलगी आहे, एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून वर्ग तिला खारूताई म्हणतो. ती म्हणाली, "बाई, आपल्याकडे भूकंप होतात?" म्हटलं, नाही गं. म्हणाली, "मग?" त्या 'मग'चं उत्तर मी पुस्तिकेत शोधतेय. तुमच्याकडे असेल तर कळवा.

तुमचे बंधुराज तर हसून लोळायचेच बाकी राहिले. "खाणीपासून हाकेच्या अंतरावर भूकंपमापक! अगं, रोज दुपारी एकला मी सुरुंगाचा बार उडवतो तेव्हा शाळेची तावदानं थरथरतात. तुझं यंत्र पहिल्याच दिवशी राजीनामा देईल."

इथे टेकडीमुळे ना फोनला रेंज, ना इंटरनेट, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळे यंत्राच्या नोंदी साठवलेलं कार्ड दर आठवड्याला टपालाने पाठवायचं असं पुस्तिकेत आहे. त्याच पाकिटात माझं पत्र टाकत जाईन. सरकारी खर्चाने भांडता येईल.

तुमची,
वहिनी


१३ जुलै

प्रिय वहिनी,

'तुम्ही' वाचून धडकी भरली. आता खारूताईच्या 'मग?'चं उत्तर देते, तिला वाचून दाखव.

भूकंप आपल्याकडे व्हायलाच हवा असं नाही. जगात कुठेही, समुद्राच्या तळाशीसुद्धा, मोठा धक्का बसला की अख्खी पृथ्वी हलते. आपली शाळा हलते, तुझं टेबल हलतं, दादाची खाण हलते. हलणं इतकं बारीक की आपल्याला पत्ता लागत नाही. त्या स्प्रिंगला लागतो. लोहचुंबक तिच्या टोकाला लोंबत ठेवायचा, जमीन हलली की तारेचं वेटोळं हलतं, लोहचुंबक आपल्या जागी रेंगाळतो, आणि त्या दोघांच्या चुकामुकीतून तारेत जरासा विद्युतप्रवाह येतो. संगणकावर त्याची रेघ उमटते. एवढंच आहे यंत्र. मला अजूनही ते खरं वाटत नाही.

सहा वर्षांपूर्वी आम्ही हे काम सुरू केलं तेव्हा एक खोली होती, दोन टेबलं आणि यादीत चाळीस शाळा. कुणी म्हणायचं, मुलांना पाढे येत नाहीत, त्यांना स्प्रिंगा कसल्या देता? आज चारशे शाळा आहेत. पुढच्या वर्षी दोन हजार करायच्या असं घाटतंय, आणि नंतर राज्यातली एकूण एक.

माझ्या मनात एक चित्र आहे, वहिनी. कुठूनतरी एक लहर येते. तुमच्या कडेच्या शाळेतून आत शिरते, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात, या गावातून त्या गावात, आणि पार दुसऱ्या टोकाच्या शाळेतून बाहेर पडते. वाटेवरच्या प्रत्येक वर्गात कुणीतरी पोरगं किंवा पोरगी म्हणते, "आत्ता आमच्याकडे आली." अख्ख्या राज्याने मिळून एक गोष्ट पाहिली, असं कधी झालंय?

यंत्र तळमजल्यावर, भिंतीच्या कोपऱ्यात, थेट फरशीवर ठेव. दादाला म्हणावं, हसणाऱ्याचे दात दिसतात.

तुझी,
नणंद


२ ऑगस्ट

प्रिय वन्सं (हे प्रेमाने हं),

तू जिंकलीस. यंत्र चालू झालं, आणि गेले पंधरा दिवस शाळेत दुसरा विषय नाही.

पहिल्या दिवशी स्प्रिंग टांगली, वायरी जोडल्या, ग्रंथालयातल्या जुन्या संगणकाच्या पडद्यावर रेघ आली. सरळ. अगदी निर्जीव. मुलांचे चेहरे पडले. मी वळून खारूताईला म्हणाले, "जरा खिडकी लाव गं." ती आपल्या सवयीने उडी मारत गेली, आणि रेघ थयथय नाचली. ती थांबली, रेघ थांबली. तिने एक पाऊल टाकलं, रेघेने एक टेंगूळ काढलं. मग ती अगदी हळू, मांजरासारखी, माझ्याकडे चालत आली. तरीही प्रत्येक पाऊल पडद्यावर उमटलं. ती म्हणाली, "बाई, जमिनीला कळतं मी कुठे आहे."

मी चोवीस वर्षं शिकवतेय. असं वाक्य मला कुणी दिलं नव्हतं.

आता तर यंत्राचं नावच 'कानोसा' पडलंय. सकाळी आल्याआल्या सगळे आधी कानोशाकडे. शिपाईमामांची घंटा कशी दिसते, खडीचा भरलेला ट्रक कसा, रिकामा कसा. भरलेला हळूहळू फुगत येतो आणि हळूहळू ओसरतो. रिकामा खडखडत जातो. पाचवीची प्रार्थना संपून पोरं सुटली की पडद्यावर काटेरी झुडूप. पैज लावतात: खिडकीला पाठमोरं उभं राहून, एकाने रेघ वाचायची आणि बाहेर काय चाललंय ते सांगायचं. खारूताई सहसा चुकत नाही.

आणि एकचा बार! सुरीसारखा उभा चढतो आणि गपकन उतरतो. मुलांनी तुझ्या दादाला निरोप धाडला, काका, या बघायला. परवा ते जेवणाच्या सुट्टीत, बार झाल्यावर, डोक्यावरचं हेल्मेट हातात घेऊन आले. पडद्यासमोर उभे राहिले. वाकून त्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हा माझा?"

सहावीतला एक मुलगा म्हणाला, "हो काका. पण सोमवारचा याच्यापेक्षा मोठा होता."

घरी आल्यावर जेवताना मध्येच थांबून म्हणाले, "मला वाटायचं बार झाला की झाला. तो असा चालत जातो, माहीत नव्हतं." मग स्वतःशीच हसले.

तर खारूताईचा 'मग?' मिटला. आता तिचे रोजचे वीस नवे आहेत.

तुझी,
वहिनी


२० सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुमची कार्डं वेळच्या वेळी मिळतायत. इथे सगळे म्हणतात, त्या शाळेचं टपाल कधी चुकत नाही.

एक छोटीशी गोष्ट. सत्र संपलं की तुमचं यंत्र काही दिवस तपासणीसाठी मागवून घ्यावं लागेल. नेहमीची पद्धत आहे, बऱ्याच शाळांचं मागवतोय. मुलांना आधीच काही सांगू नकोस, उगाच हिरमुसतील.

बाकी इथे नेहमीचीच धावपळ. पुढच्या टप्प्याचा आराखडा समितीपुढे जायचाय. दादाची कंबर कशी आहे? त्याला पट्टा वापरायला सांग, सांगितलेलं ऐकणार नाही, तरी सांग.

तुझी,
नणंद


२८ सप्टेंबर

वन्सं,

तुम्ही लहानपणी खोटं बोललात की दादाच्या तब्येतीची चौकशी करायचात, असं सासूबाई सांगायच्या. तुमच्या पत्रात कंबर आली आणि मी समजले.

काय आहे ते सरळ लिहा. यंत्र तपासायला न्यायचं असेल तर 'काही दिवस' म्हणजे किती? आणि 'बऱ्याच शाळा' म्हणजे कुठल्या?

मुलांना मी सांगितलं नाही. पण हेडसरांना तुमच्या ऑफिसाचं वेगळं पत्र आलं, त्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. त्यात शब्द आहेत, 'अस्वच्छ नोंदी'. सहावीतल्या मुलाने विचारलं, "बाई, आपली रेघ घाण आहे का?" खारूताई तास संपेपर्यंत जागची हलली नाही. त्याचीच मला भीती वाटली.

तुमचे बंधुराजही हिरमुसलेत. बायकोच्या वर्गातलं यंत्र त्यांच्या बारामुळे काढून नेतायत असं त्यांनी मनाला लावून घेतलंय. काल म्हणाले, "चिमीला सांग, मी खाण तर हलवू शकत नाही." चिमी म्हणजे तुम्हीच, विसरला नसाल तर.

मला यंत्र राहू द्या म्हणून गळ घालायची नाही. नात्याचा फायदा घेतला असं कुणी म्हणायला नको. फक्त एकदा येऊन बघा.

वहिनी


१० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

पकडलंस. लिहिते.

समितीत शास्त्रज्ञ आहेत. त्यांचं म्हणणं, आपल्याला दूरचे भूकंप टिपायचेत. ज्या शाळांजवळ खाण आहे, कारखाना आहे, मोठा रस्ता आहे, तिथल्या नोंदींत गोंगाटच जास्त. अशा साठेक शाळांतली यंत्रं काढून शांत जागच्या शाळांना द्यायची, आणि पुढच्या दोन हजार शाळा निवडतानाही पहिली अट ठेवायची, शांतता. त्यांचं चूक आहे असं मला सांगता येत नाही. तुमच्या कार्डावरची रेघ मीही पाहिली आहे. झुडपंच झुडपं.

पण शांत शाळांच्या रेघा पाहिल्या की सगळं सरळ, स्वच्छ. शास्त्राला हवं तसं. मग खारूताईचं ते 'जमिनीला कळतं मी कुठे आहे' आठवतं, आणि मला समितीपुढे नक्की काय मांडायचं तेच कळेनासं होतं.

यायचं म्हटलं तर आराखड्याची तारीख डोक्यावर आहे. यंत्र नोव्हेंबरअखेर न्यायला माणूस येईल. तोवर ते तुमचंच आहे. त्याच्यावर जे करायचं ते करा.

दादाला सांग, त्याच्यामुळे काही झालेलं नाही.

तुझी,
चिमी


१९ नोव्हेंबर, शाळेतून

चिमे,

टपालवाले भाऊ दारात सायकल टेकवून उभे आहेत, त्यांना म्हटलं दहा मिनिटं थांबा, आज थांबाच. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

सकाळी साडेदहाच्या आत-बाहेर. दुसरा तास. मी सातवीला अपूर्णांक शिकवत होते. खारूताईची पाळी होती कानोशाजवळ. धावत आली नाही, चालत आली. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, काहीतरी आलंय. ते आपलं नाहीये."

मी म्हटलं, ट्रक असेल. "ट्रक नाही." बार? "बाराला उतार असतो. हे उतरतच नाहीये."

गेलो सगळे. रेघ बारीक थरथरत होती, कुणीतरी लांबून दार वाजवावं तशी. बाहेर काही नाही. रस्ता रिकामा. खाणीवरचा खडी फोडायचा क्रशर नेहमीसारखा घरघरत होता, त्याची रेघ मुलांना तोंडपाठ आहे. ही त्याच्यावर चढून चालली होती. मग काही मिनिटांनी दुसरी थरथर आली, पहिलीहून ठळक. मुलांनी मला न विचारता घड्याळ बघून दोन्हींमधलं अंतर टिपलं होतं. आणि त्यानंतर, चिमे, मोठ्या लहरी. लांब, संथ, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुणी झोपेत श्वास घेतंय असं वाटलं. मी भिंतीला हात लावला. काही जाणवलं नाही. टेबलावर पाण्याचा पेला होता, पाणी स्थिर. आणि पडद्यावर आमची शाळा वर-खाली होत होती.

पुस्तिकेतला तक्ता काढला. दोन थरथरींमधल्या वेळावरून अंतर निघतं. मुलांनी काढलं: सुमारे तीन हजार तीनशे किलोमीटर. सहावीतल्याने पृथ्वीचा गोल आणला, मोजून दोरा कापला, एक टोक आपल्या जागी धरून दोरा फिरवला. दोरा वाळवंटावरून गेला, पर्वतांवरून, तीन-चार देशांवरून, समुद्रावरून. "या दोऱ्याच्या टोकाखाली कुठेतरी," मी म्हटलं, "आत्ता जमीन फाटली आहे." इतकंच आपल्याला कळतं. बाकीचं इतर शाळांच्या दोऱ्यांनी कळेल. जिथे सगळे दोरे एकमेकांना छेदतील ती जागा.

सगळ्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात पाचवीतल्या एका चिमुरडीने विचारलं, "दोऱ्याखाली माणसं राहतात का?"

हेडसरांनी रेडिओ लावला. अजून बातमी नाही.

खारूताईचा पुढचा प्रश्न: "ही लहर इथून पुढे कुठे जाते?" पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे, भूकंप फारच मोठा असेल तर एक लहर उलट्या बाजूने निघते, अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून येते आणि अडीच-पावणेतीन तासांनी पुन्हा सापडू शकते. फार मंद. गोंगाटात मिळणं कठीण. मुलांनी हिशेब केला. आपल्याकडे ती साधारण एकला येईल.

एकला! तुला कळलं ना, एकला काय असतं?

खारूताई खाणीकडे पळाली आहे. कार्ड यातच घालतेय, नवं बसवलंय. भाऊ घंटी वाजवतायत.

वहिनी


२५ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र ऑफिसात उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचलं.

इथे काय झालं ते सांगते. आमच्या भिंतीवर राज्याचा मोठा नकाशा आहे. ज्या शाळांत इंटरनेट आहे त्यांचा ठिपका रेघ हलली की उजळतो. त्या दिवशी कडेकडून उजेड सुरू झाला आणि आत सरकत आला. सहा वर्षं मनात धरलेलं चित्र माझ्यासमोर घडत होतं, आणि मी हातात अर्धा कप चहा घेऊन नुसती उभी होते. शेजारी आमच्या संचालकबाई, शब्दाला कडक. त्या इतकंच म्हणाल्या, "आली गं, आली."

पण उजेडात भोकं होती. निम्म्याहून जास्त ठिपके काळेच. आम्ही फोन लावत सुटलो. बहुतेक त्या शांत, निवडक शाळा. एका शिक्षकांनी सांगितलं, "मॅडम, यंत्र कपाटात आहे. महिनोन्‌महिने रेघ सरळच. मुलं पहिला आठवडा बसली, मग कोण बसणार?" दुसरीकडे वर छान कापड घातलेलं, वायर काढून ठेवलेली. कुणाला दोष कसा द्यायचा? जिथे काही घडत नाही तिथे आम्हीच यंत्रं दिली आणि बघत बसा म्हटलं.

आणि जागी कोण होती? रेल्वे यार्डाजवळची शाळा. कापडगिरणीशेजारची. बसडेपोमागची. त्यांच्या मुलांचे फोन येत होते, एकेक आकडा सांगत. एक मुलगी ओरडून म्हणाली, "आमच्या गिरणीपेक्षा हळू आहे पण गिरणीपेक्षा खूप मोठं आहे!" त्यांच्या आकड्यांची वर्तुळं आम्ही नकाशावर काढत गेलो. दुपारपर्यंत शंभराच्या वर झाली. कुणाचं इकडे सरकलेलं, कुणाचं तिकडे, तरी सगळी एका समुद्राच्या तुकड्यावर येऊन एकमेकांत गुंतली. शंभर वर्गांनी बोट दाखवलं आणि बोटं एकाच जागी पोचली. वेधशाळेने संध्याकाळी जागा जाहीर केली. ती त्या गुंत्याच्या आतच होती.

पाचवीतल्या चिमुरडीला सांग, लोक राहतात. किनाऱ्यावरच्या गावांना इशारा मिळाला, बहुतेकजण उंचावर गेले. सगळे नाही. घरं बरीच गेली. तिने विचारलं ते आमच्या इथे कुणी विचारलं नव्हतं, मला त्याची लाज वाटली.

चौथ्या दिवशी तुमचं कार्ड आलं. चारशे शाळांत ती लहर सगळ्यांत आधी कुणाच्या पायाखालून गेली ठाऊक आहे? नकाशाच्या चौकटीखाली अर्धा गेलेला जो ठिपका आहे ना, त्याच्या. कार्डाला चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहिलंय: 'हा ट्रक नाही. हा बार नाही. हा लांबून आलाय.' संचालकबाईंनी ते वाचलं आणि समितीतल्या शास्त्रज्ञांपुढे सरकवलं. त्यातल्या सर्वांत वयस्कर सरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "ज्यांना आपला आवाज ओळखता येतो, त्यांनाच दुसऱ्याचा कळणार. आम्ही रेघा मोजल्या, बघणारे मोजले नाहीत."

यंत्र न्यायला कुणी येणार नाही. साठही शाळांची राहतील. दोन हजारांच्या निवडीतून शांततेची अट काढली. एकदम दोन हजार होतील की आधी हजार, ते अजून ठरायचंय, आणि शिकवणारी माणसं कुठून आणायची हा घोर आहेच. पण परवा त्या नकाशाकडे बघताना मला काळे ठिपकेही उजळलेले दिसायला लागले. मी अशी स्वप्नाळू नव्हते गं.

आता सांग, एकला काय झालं? इथल्या मोठ्या यंत्रावर परतीची लहर आली, आम्ही पाहिली. तुमच्या कार्डात ती नाही, कार्ड आधीच निघालं होतं. माझा जीव टांगणीला लागलाय.

चिमी


२ डिसेंबर

चिमे,

हे पत्र मी लिहितोय. तुझ्या वहिनीचा आवाज बसलाय आणि हातही दुखतोय. आसपासच्या शाळांतून लोक येतात, ती सगळ्यांना पहिल्यापासून सांगते. मला म्हणाली, एकचं तुम्हीच लिहा, तुम्ही दोन्हीकडे होतात. मला पत्राची सवय नाही. चुकलं तर हसू नकोस.

ती मुलगी धापा टाकत खाणीत आली तेव्हा आम्ही भोकांत दारू भरून वायरी जोडत होतो. तिला धोक्याच्या दोरीबाहेरच उभं केलं आणि मीच गेलो. ती म्हणाली, "काका, एकचा बार थांबवा. पृथ्वीला वळसा घालून एक लहर येणार आहे." मी म्हटलं, "कुणाची?" म्हणाली, "भूकंपाची. सकाळीच निघाली आहे. आता परत येणार."

मला काही कळलं नाही, खरं सांगतो. पण तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. आणि तुमच्या ऑफिसाचं पत्र आल्यापासून माझ्या मनात सल होताच.

मॅनेजरकडे गेलो. ते म्हणाले, बार कसा थांबेल, पुढचं काम खोळंबेल. म्हटलं, साहेब, अर्धा तास उशीर. क्रशरही जेवणाच्या सुट्टीत बंद ठेवू. त्यांचा मुलगा त्याच शाळेत आहे, सहावीत. त्यांनी विचारलं, "त्याने सांगितलंय का हे?" म्हटलं, लहरीचा हिशेब त्यानेच केलाय. ते उठले. मग स्वतःच जाऊन क्रशर बंद केला.

चिमे, तो क्रशर बंद पडला तेव्हा पहिल्यांदा कळलं तो इतका आवाज करतो. कान मोकळे झाल्यासारखे वाटले. ट्रकवाल्यांना आम्ही रस्त्याच्या कडेला उभं केलं. कुणी विचारलं का, तर माझ्या हाताखालची पोरं सांगायची, लहर येतेय. लोक आपले इंजिन बंद करून खाली उतरायचे. दुकानदार बाहेर आले. शाळेच्या फाटकापाशी आया उभ्या. शिपाईमामांनी एकची घंटाच दिली नाही.

मी पहारेकऱ्याच्या भरवशावर दारू सोडून शाळेत गेलो. ग्रंथालय गच्च. मुलं जमिनीवर मांड्या घालून, पाय न हलवता. एवढी पोरं एवढी गप्प मी बघितली नव्हती. तुझी वहिनी पडद्याजवळ, हाताची घडी. रेघ सरळ. इतकी सरळ ती कधी नसते म्हणे. कुणीतरी खोकलं, रेघेने नोंद घेतली, सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

एक वाजला. काही नाही. पाच मिनिटं गेली. काही नाही. मला वाटलं, झालं, आता पोरं रडणार. बाहेर सगळा रस्ता उभा आहे.

मग रेघ उचलली गेली. झटका नाही, टेंगूळ नाही. एखादी मोठी चादर दोघांनी धरून सावकाश वर न्यावी तशी. वर. मग तितकीच सावकाश खाली. पुन्हा वर. एक मुलगा कुजबुजला, "भास आहे." कुणी म्हणालं, "नाही." खारूताई बोटाने रेघेच्या पुढेपुढे सरकत होती, स्पर्श न करता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ती म्हणाली, "आली."

तेवढं ते एक वाक्य खिडकीतून बाहेर गेलं, फाटकातून रस्त्यावर गेलं. लांबून ऐकू येत होतं, लोक एकमेकांना सांगत होते, आली, आली. टाळ्या नाहीत, ओरडा नाही. कुणाचा पाय उचलेना.

मी आयुष्यभर जमीन हलवतोय. माझा मोठ्यात मोठा बार शाळेच्या भिंतीपर्यंत जातो आणि थोडं पुढे जाऊन विरतो. ही लहर सगळे समुद्र, सगळे डोंगर, सगळी माणसं ओलांडून, गोल फिरून, मागच्या दाराने आमच्याकडे आली. माझ्या बुटांखालून गेली. आणि कुणाच्या पेल्यातलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही.

ती फिरून संपली का, असं मी विचारलं. तुझी वहिनी म्हणाली, नाही, अजून काही तास फिरत राहील. मंद होत होत, पण फिरत राहील.

दीडला मी परत खाणीवर गेलो. भोंगा दिला, सगळे लांब गेले. बटणावर बोट ठेवलं आणि दाबवेना. ती खालून जातच असेल, असं डोक्यात. शेवटी वाकून जमिनीवर तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. माझी पोरं बघत होती. कुणी हसलं नाही. एकाने हेल्मेट काढलं आणि आपलाही हात टेकवला.

तुझा,
दादा